वाढत्या हाडांवर बारमाही हॉकी

जून २०१० मध्ये लॉस एंजेलिसच्या स्टेपल्स सेंटरमध्ये नॅशनल हॉकी लीगच्या (एनएचएल) तीस संघांचे कारभारी अठरा वर्षांची पोरं आपापसांत वाटून घ्यायला जमले होते. त्यांच्यापुढच्या यादीत एक नाव असं होतं की त्याचा भाव काय लावायचा, हे कुणालाच नीट कळेना. ब्रेट कॉनली, कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या प्रिन्स जॉर्ज गावचा फॉरवर्ड. वर्षभरापूर्वी, सोळाव्या वर्षी, त्याने वेस्टर्न हॉकी लीगमध्ये तीस गोल केले होते, आणि कॅनडातल्या तिन्ही मोठ्या ज्युनियर लीग मिळून वर्षातला सर्वोत्तम नवोदित म्हणून त्याची निवड झाली होती. पुढचा हंगाम निवडीचा. सगळ्या स्काउटांच्या वह्या उघड्या होत्या आणि नेमका त्याच हंगामात तो ७२ पैकी १६ सामने खेळला. मांडी वर उचलणारा, खुब्याच्या पुढून जाणारा स्नायू दुखावला होता. तो बरा झालासा वाटायचा आणि पोरगा बर्फावर उतरला की पुन्हा उलटायचा.

टँपा बे संघाने त्याला सहाव्या क्रमांकावर उचललं. हा निर्णय घेणारे स्टीव्ह आयझरमन तेव्हा महिनाभरापूर्वीच त्या खुर्चीवर बसले होते, आणि त्यांची ती पहिलीच निवड. हे तेच आयझरमन, ज्यांनी २००२ मध्ये जवळजवळ निकामी झालेल्या गुडघ्यावर डेट्रॉइटला लीगच्या विजेतेपदाचा स्टॅन्ले कप जिंकून दिला आणि मग त्याच गुडघ्याचं हाड कापून सरळ करून घ्यायला ऑपरेशन टेबलावर गेले. दुखऱ्या सांध्याची किंमत त्यांना इतरांपेक्षा वेगळी वाटत असेल, तर नवल नाही.

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात, खडकीचा धनराज पिल्ले आठवतो. बर्फावरची हॉकी आपल्याकडे लडाख-हिमाचलपलीकडे फारशी कुणी खेळत नाही. तरी या मुलाच्या खुब्याबद्दल मराठीत लिहावंसं वाटतं. एक कारण, टोरांटो आणि आसपासच्या गावांत राहणाऱ्या मराठी घरांतली नातवंडं आता स्केट्स बांधून रिंकवर जाऊ लागली आहेत. दुसरं अधिक महत्त्वाचं. सातव्या-आठव्या वर्षी मुलाचा एक खेळ पक्का करायचा, बाकीचे सोडवायचे, सुट्टीतही शिबिरं लावायची ही पद्धत आता कॅनडाची राहिलेली नाही. कॅनडात फक्त तिची मोजदाद झाली आहे, हाडांचे फोटो काढून.

माझं म्हणणं सरळ आहे. तरुण हॉकीपटूच्या खुब्याच्या दुखण्याला आपण दुर्दैव म्हणतो. त्यातला मोठा भाग दुर्दैव नाही. मोठ्या माणसांनी आखलेल्या वेळापत्रकाचा तो परिणाम आहे, आणि ज्याच्या हाडांवर तो होतो त्या मुलाला त्या वेळापत्रकाबद्दल कुणी विचारलेलं नसतं.

हे समजून घ्यायला आधी सांध्याकडे पाहावं लागेल. कंबरेच्या हाडात एक वाटी असते आणि मांडीच्या हाडाच्या टोकाचा गोळा तिच्यात फिरतो, खलात बत्ता फिरावा तसा. वाटीच्या काठाला मऊ कुर्चेची कड असते. तिला डॉक्टर लॅब्रम म्हणतात, आणि ती गोळ्याला धरून ठेवते. गोळा आणि हाडाचा दांडा यांच्यामध्ये निमुळती मान असते. मान निमुळती असल्यामुळेच पाय पोटाशी घेता येतो आणि आत वळवता येतो. आता ही मान निमुळती न राहता तिथे हाडाचा उंचवटा आला, तर पाय वर घेऊन आत वळवताना तो उंचवटा वाटीच्या काठावर घासतो. एकदा घासला तर काही होत नाही. रोज शेकडो वेळा, वर्षानुवर्षं घासला की कड फाटते आणि मग वाटीच्या आतला गुळगुळीत थर सोलवटू लागतो. या प्रकाराचं नीट वर्णन आणि तोच खुब्याच्या लवकर होणाऱ्या संधिवाताचं कारण असल्याची मांडणी बर्नचे शल्यविशारद राइनहोल्ड गांझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये केली. त्याआधी जांघेत दुखतंय म्हणणाऱ्या खेळाडूला बहुधा 'स्नायू ताणलाय, शेक दे' एवढंच ऐकावं लागायचं.

आता स्केटिंग पाहा. बर्फावर पुढे जायचं तर पाय मागे टाकून चालत नाही. तो बाजूला आणि बाहेरच्या अंगाला रेटावा लागतो. रेटून झाला की तोच पाय वाकवून, आत वळवून पुन्हा शरीराखाली आणायचा. म्हणजे उंचवटा जिथे घासतो नेमकी तीच अवस्था, प्रत्येक पावलाला. सुरुवातीच्या झेपेत तर ती अधिकच तीव्र. कोलोरॅडोतल्या व्हेल इथल्या संशोधकांनी दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या धावेचं चित्रण करून २०११ मध्ये हेच दाखवलं. गोलरक्षकाचं तर विचारूच नका. गुडघे बर्फावर टेकून पाय दोन्ही बाजूंना फाकायचे, ही 'बटरफ्लाय' पद्धत पॅट्रिक रॉयच्या काळापासून जगभर पसरली. तिच्यात खुबा आत वळण्याच्या अगदी शेवटच्या टोकापर्यंत जातो, आणि सरावात एका तासात कितीतरी वेळा जातो.

तरी इथपर्यंतचा युक्तिवाद एवढाच की काही जणांची हाडं तशी असतात आणि हॉकी त्यांना त्रास देते. खरी अडचणीची गोष्ट पुढे आहे. ती हाडं तशी *असतात* की तशी *होतात*?

व्हेलचेच मार्क फिलिपॉन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दहा ते अठरा वर्षांच्या ६१ हॉकीपटूंचे खुबे तपासले आणि तुलनेला २७ तरुण स्कीपटू घेतले. बर्फावरचा खेळ दोघांचाही. हॉकीवाल्यांपैकी ७५ टक्के मुलांच्या हाडाच्या मानेवर तो उंचवटा मोजण्याइतका होता, स्कीवाल्यांत ४२ टक्के. पण मला जास्त बोलका वाटतो तो वयाचा आकडा. दहा-बारा वर्षांच्या हॉकीपटूंत हे प्रमाण ३७ टक्के होतं, तर सोळा ते अठरा वयाच्यांत ९३ टक्के. मुलं जन्मतः हा आकार घेऊन आली असती, तर वयाबरोबर आकडा असा चढला नसता. मांडीच्या हाडाच्या टोकाशी वाढीची एक कुर्चामय तबकडी असते, ती साधारण सोळा-सतराच्या सुमारास मिटते. तिच्यावर एकाच पद्धतीचा जोर सतत पडत राहिला तर ती मानेच्या बाजूला सरकते आणि तिथे हाड धरतं, असं स्वित्झर्लंडमधल्या बास्केटबॉलपटूंच्या आणि नेदरलँड्समधल्या फुटबॉलपटूंच्या अभ्यासांतूनही दिसलं. तबकडी मिटली की वाढ थांबते. तेव्हा जो आकार असेल तो कायम.

नेदरलँड्समधलाच आणखी एक अभ्यास आहे, २०१५ चा. तो मला प्रत्येक पालकसभेत वाचून दाखवावासा वाटतो. मोठेपणी व्यावसायिक झालेल्या फुटबॉलपटूंना विचारलं की आठवड्यातून चार किंवा जास्त दिवस सराव तुम्ही कधीपासून सुरू केला? बाराव्या वर्षाच्या आधी सुरू केलेल्यांच्या खुब्यांत उंचवट्याचं प्रमाण ६४ टक्के आणि नंतर सुरू केलेल्यांत ४० टक्के. दोन्ही गट शेवटी व्यावसायिकच झाले, हे ध्यानात घ्या. उशिरा जोर लावलेली मुलंही त्याच पातळीवर पोचली होती. अभ्यास छोटा आहे, आठवणींवर आधारलेला आहे, त्यातून एकदम सिद्धान्त काढू नये हे मान्य. पण 'लहानपणापासून घासलं नाही तर पुढे जाता येत नाही' हा जो ठाम विश्वास घेऊन आईबाप पहाटे पाचला रिंकच्या पार्किंगमध्ये उभे असतात, त्याला एवढाही पुरावा कुणी दिलेला नाही.

कॉनलीबद्दल इथे सावध राहिलं पाहिजे. त्याच्या बाबतीत जाहीर झालं ते स्नायूचं दुखणं. हाडाच्या उंचवट्याची काही बातमी नव्हती, आणि मी त्याच्यावर असं निदान लादणार नाही. पण स्नायूचं दुखणंही आभाळातून पडत नाही. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या टिमथी टायलर यांनी एनएचएलच्या खेळाडूंची ताकद हंगामाआधी मोजली. मांडी आत ओढणाऱ्या स्नायूंची ताकद बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंच्या ८० टक्क्यांहून कमी असेल, तर जांघेत दुखापत होण्याची शक्यता सतरा पटींनी जास्त निघाली. पुढे अशा कमजोर खेळाडूंना हंगामाआधी व्यायाम देऊन त्यांनी दुखापतींचं प्रमाण चौथ्या हिश्श्याच्या आसपास आणलं. म्हणजे दुखावण्याआधी मोजता येतं, मोजलं तर टाळता येतं, आणि हे एका साध्या यंत्रावर दहा मिनिटांत होतं. तेही २००१ पासून ठाऊक आहे. त्यातच वेस्टर्न लीगमधल्या प्रवासाची भर घाला. प्रिन्स जॉर्ज हे त्या लीगमधलं एक आडबाजूचं गाव, सर्वांत जवळचा प्रतिस्पर्धी संघ कॅमलूप्सचा, तोही पाचशे किलोमीटर दूर. सोळा-सतरा वर्षांची मुलं शाळा सांभाळून रात्र रात्र बसमध्ये खुबे वाकवून बसतात आणि उतरून तेच खुबे ताणायला लागतात. फिजिओथेरपी शिकणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही याचं पुढे काय होणार, ते सांगता येईल.

याचा त्याच्या कारकिर्दीवर काय परिणाम झाला? सोपं उत्तर देण्याचा मोह होतो, आणि दोन्ही बाजूंची सोपी उत्तरं चुकीची आहेत. 'खुब्याने त्याचं भविष्य गिळलं' असं म्हणता येत नाही, कारण निवडीनंतरच्या वर्षी तो धडधाकट होता आणि ज्युनियरमध्ये त्याने ४६ गोल ठोकले. 'काहीच बिघडलं नाही' असंही म्हणता येत नाही. हरवलेलं वर्ष अठराव्या वर्षाआधीचं होतं, आणि त्या वयात खेळाडू सामन्यात खेळूनच शिकतो. त्यानंतर एका नियमाने त्याला पकडलं. एनएचएल आणि कॅनडाच्या ज्युनियर लीग यांच्यातल्या करारानुसार वीस वर्षांखालच्या मुलाला मधल्या पायरीवरच्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये पूर्ण हंगाम खेळता येत नसे. एक तर पोरांच्या लीगमध्ये परत जायचं, नाहीतर थेट बाप्यांच्या. ज्युनियरमध्ये शिकण्यासारखं त्याला उरलं नव्हतं, म्हणून एकोणिसाव्या वर्षी तो टँपाकडून थेट एनएचएलमध्ये उतरला आणि ६८ सामन्यांत त्याच्या नावावर चार गोल लागले. एक वर्ष खुब्याने खाल्लं, पुढचं वर्ष नियमाने. मग बोस्टनला रवानगी झाली. बोस्टननेही करार पुढे चालवला नाही. शेवटी वॉशिंग्टनमध्ये त्याला जागा सापडली, २०१८ मध्ये त्या संघाबरोबर त्याने स्टॅन्ले कप उचलला, आणि पुढच्या हंगामात २२ गोल केले. सन्मानाची, पैशाचीही कारकीर्द. सोळाव्या वर्षी जी दिसत होती ती मात्र ही नव्हे.

खुबा कारकीर्द तोडत असता तर ते निदान सर्वांना दिसलं असतं. तो बहुतेकदा तिला बाजूला सरकवतो, आणि किती सरकवलं हे कुणालाही सिद्ध करता येत नाही, म्हणून कुणाला जबाबही द्यावा लागत नाही.

२०१० च्या त्या यादीतली इतर नावं पाहिली की मला जरा अस्वस्थ व्हायला होतं. दुसऱ्या क्रमांकावर बोस्टनने घेतलेला टायलर सेगिन. २०२० च्या उन्हाळ्यात तो फाटक्या लॅब्रमनिशी डॅलसकडून स्टॅन्ले कपच्या अंतिम फेरीपर्यंत खेळला, नोव्हेंबरमध्ये त्याचा खुबा दुर्बिणीतून दुरुस्त करावा लागला आणि पुढचा जवळजवळ अख्खा हंगाम गेला. डिसेंबर २०२४ मध्ये त्याला पुन्हा खुब्याच्याच ऑपरेशनला जावं लागलं. चौथ्या क्रमांकावरचा रायन योहान्सन. मार्च २०२४ मध्ये तो फिलाडेल्फियाला दिला गेला, खुबा खेळण्याजोगा नव्हता, आणि ऑगस्टमध्ये संघाने कराराचा गंभीर भंग झाल्याचं सांगून त्याचा करारच संपवला. खेळाडूंच्या संघटनेने त्याविरुद्ध दाद मागितली. सहावा कॉनली. पहिल्या सहांतले तिघे. सहा माणसांवरून टक्केवारी काढायची नसते, हे मला कळतं. पण एखाद्या कारखान्यात एकाच दिवशी कामावर घेतलेल्या पहिल्या सहा कामगारांपैकी तिघांना शरीराच्या एकाच सांध्याने दगा दिला असता, तर कारखाना निरीक्षक निदान एकदा दार ठोठावायला आला असता.

यावर उत्तर तयार असतं. आता ऑपरेशनं इतकी पुढे गेली आहेत की काळजी कशाला? टिम थॉमसचं उदाहरण पुढे केलं जातं, आणि ते खरंही आहे. बोस्टनच्या या गोलरक्षकाचा खुबा २०१० मध्ये दुरुस्त झाला आणि २०११ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, तो लीगचा सर्वोत्तम गोलरक्षक ठरला, कपही जिंकला, अंतिम टप्प्यातला सर्वोत्तम खेळाडूही तोच. पॅट्रिक केनने २०२३ मध्ये खुब्याच्या गोळ्यावर धातूची टोपी आणि वाटीत धातूचं अस्तर बसवून घेतलं आणि सहा महिन्यांत डेट्रॉइटकडून खेळायला उभा राहिला. पण हेच ऑपरेशन बेल्जियमला जाऊन करून घेतलेला निक्लस बॅकस्ट्रॉम, वॉशिंग्टनचा आधारस्तंभ, परत आला, काही महिने झगडला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये एनएचएलमधून बाजूला झाला. केन तेव्हा चौतीस वर्षांचा होता, हेही विसरू नये. चौतिसाव्या वर्षी खुब्यात धातू बसवावा लागणं हा वैद्यकाचा विजय असेल, खेळाचा नक्कीच नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेबद्दल बोलायचं तर ब्रिटनमध्ये ३४८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या चाचणीत ती चांगल्या फिजिओथेरपीपेक्षा वरचढ ठरली खरी, पण बेताचीच. ऑपरेशन केलं की सांधा नवा झाला, हा समज त्या आकड्यांतून निघत नाही.

शिवाय ही सगळी नावं पोचलेल्यांची आहेत. सोळाव्या वर्षी जांघ धरून बसलेला, सतराव्या वर्षी संघातून गळलेला, अठराव्या वर्षी कुणीही न निवडलेला मुलगा या यादीत नाही. त्याला बेल्जियमचा सर्जन भेटत नाही. एनएचएलमधल्या जखमी खेळाडूचा पगार चालू राहतो, संघाला पगारमर्यादेतून सूट मिळते, विमा असतो. ज्युनियरमधल्या मुलाला महिन्याचा हातखर्च आणि खेळलेल्या वर्षांच्या हिशेबाने कॉलेजची फी मिळते. ती फी मोलाची आहे, मी हिणवत नाही. पण चाळिशीत मांडी घालून बसता न येण्याची भरपाई त्या फीमध्ये धरलेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि त्याला मी टाळणार नाही. उंचवटा म्हणजे आजार नव्हे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या आणि व्यावसायिक हॉकीपटूंपैकी काहीच त्रास नसलेल्या ३९ जणांचे एमआरआय काढले, तर त्यांतल्या ७७ टक्क्यांच्या खुब्यात किंवा जांघेत काही ना काही बिघाड दिसला. आणि ते सगळे मजेत खेळत होते. मग फोटोवरच्या उंचवट्याचा बागुलबुवा का करायचा? या आकड्याचा एक अर्थ असा की फोटो पाहून घाईने चाकू चालवू नये, आणि तो अर्थ शंभर टक्के बरोबर आहे. चौदा वर्षांच्या मुलाचा एमआरआय घेऊन सर्जनकडे धावणारे पालक हा या गोष्टीतला आणखी एक धोका आहे. पण त्याच आकड्याचा दुसरा अर्थ असा की या खेळाने बिघाडालाच सामान्य ठरवून टाकलं आहे. प्रत्येकाचाच खुबा असा असेल तर कुणाचाच तपासायची गरज वाटत नाही. आनुवंशिकतेचाही वाटा आहेच. भावंडांत हा आकार आढळतो. तरी ज्या गोष्टीचा एक भाग जन्माने ठरतो आणि दुसरा वेळापत्रकाने, तिथे आपल्या हातात वेळापत्रकच असतं.

या सामान्य ठरवण्याचं सगळ्यात वाईट रूप म्हणजे वेदनाशामक इंजेक्शनं. व्हँकुव्हरचा रायन केसलर हा लढवय्या सेंटर. २०१० मध्ये अमेरिकेसाठी ऑलिंपिकचं रौप्यपदक, २०११ मध्ये लीगमधला सर्वोत्तम बचावात्मक फॉरवर्ड आणि त्याच उन्हाळ्यात खुब्याचं ऑपरेशन. पुढे आणखी झाली. मार्च २०१९ मध्ये हजारावा सामना खेळून तो जवळजवळ लगेच थांबला. २०२० मध्ये टीएसएन वाहिनीच्या माहितीपटात त्याने सांगितलं की दुखत असूनही खेळता यावं म्हणून तो टोराडॉल घेत राहिला आणि त्याने आपल्या आतड्यांची वाट लागली. केसलर तेव्हा प्रौढ होता, करारावर त्याची सही होती, निवड त्याची होती असं म्हणता येईल. पण दुखणं लपवून खेळणं म्हणजे मर्दपणा, हे शिक्षण प्रौढपणी मिळत नाही. ते तेरा-चौदाव्या वर्षी ड्रेसिंग रूममध्ये मिळतं, 'अरे, जांघ सगळ्यांचीच दुखते' या एका वाक्यात.

आपल्याकडेही दुखापतीची एकच कथा आपल्याला आवडते. ऑगस्ट २००६ मध्ये कालका शताब्दीत सुटलेली गोळी संदीप सिंगच्या कंबरेत लागली, विश्वचषकाला निघालेला वीस वर्षांचा मुलगा चाकाच्या खुर्चीत आला, आणि मग उठून भारताचा कर्णधार झाला. २०१२ च्या ऑलिंपिक पात्रता स्पर्धेत फ्रान्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने पाच गोल मारले. त्याच्यावर सिनेमा निघाला, निघायलाच हवा होता. त्या कथेत अपघात आहे, तारीख आहे, पुनरागमन आहे. रोजच्या घासण्याने जाणाऱ्या खुब्याला तारीख नसते. त्यामुळे त्याच्यावर सिनेमा निघत नाही, चौकशीही होत नाही. मुलाच्या आयुष्यात हे दुसऱ्या प्रकारचं दुखणं कितीतरी अधिक वेळा येतं, पण बोलतो आपण पहिल्याबद्दल.

उपाय अवघड नाहीत, आणि बरेचसे फुकट आहेत. वाढीच्या वयात वर्षातले काही महिने बर्फापासून पूर्ण सुट्टी. त्या महिन्यांत पोहणं, फुटबॉल, सायकल, काहीही, फक्त तोच जोर त्याच दिशेने नको. अमेरिकेच्या हॉकी संघटनेने २००९ पासून राबवलेल्या विकास आराखड्यात बारा वर्षांखालच्या मुलांनी एकापेक्षा जास्त खेळ खेळावेत, असं लिहिलेलंच आहे. हंगामाआधी स्नायूंची ताकद मोजणं. गोलरक्षकाच्या सरावाला मोजून मर्यादा. आणि ज्युनियर संघातल्या डॉक्टरचा पगार संघाच्या मालकाकडून न येता लीगकडून येणं. या शेवटच्या मुद्द्याला सर्वांत जास्त विरोध होईल, यावरूनच त्याचं महत्त्व कळतं.

टोरांटोतला एक ओळखीचा बाप मला म्हणाला, "सर, तुमचं सगळं पटतं. पण मी मुलाला उन्हाळ्यात घरी ठेवला आणि बाकीच्यांनी नाही ठेवला, तर सप्टेंबरच्या निवडीत माझाच मागे पडणार ना?" तो अगदी बरोबर बोलतो आहे. या एका प्रश्नापुढे पालकांना केलेले सगळे उपदेश लटके पडतात. एकट्याने शहाणपण दाखवणाऱ्याला जिथे दंड बसतो, तिथे शहाणपण सक्तीचंच करावं लागतं. रिंक चालवणाऱ्या कंपन्यांचा धंदा उन्हाळी शिबिरांवर चालतो, खासगी प्रशिक्षकांचं घर त्यावर चालतं. ते आपणहून थांबणार नाहीत, आणि त्यांनी थांबावं ही अपेक्षाही भाबडी आहे.

असा नियम कॅनडात एकदा झालेला आहे. अल्बर्टात अकरा-बारा वर्षांच्या मुलांना अंगाने धडक देण्याची परवानगी होती, क्वेबेकमध्ये नव्हती. कॅल्गरीच्या कॅरोलिन एमरी आणि सहकाऱ्यांनी दोन्हीकडच्या दुखापती मोजल्या आणि २०१० मध्ये छापलं की अल्बर्टात धोका तिपटीहून अधिक आहे. खूप आरडाओरडा झाला. पोरं नाजूक होतील, मोठेपणी धडक सोसता येणार नाही, कॅनडाची हॉकी बुडेल. २०१३ मध्ये हॉकी कॅनडाने त्या वयोगटात धडकेवर देशभर बंदी घातली. कॅनडाची हॉकी बुडालेली नाही. धडकेच्या दुखापतीला निदान एवढा फायदा होता की मूल बर्फावर आडवं पडलेलं सगळ्यांना दिसायचं. खुब्याच्या बाबतीत तसं कुणी पडत नाही, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीचा नियम करायला संघटनांना कुणीतरी आकडे घेऊन पुन्हा पुन्हा भाग पाडावं लागेल. आकडे २०१३ पासून छापलेले आहेत. त्या वर्षी दहा वर्षांच्या असलेल्या मुलांच्या वाढीच्या तबकड्या केव्हाच मिटून गेल्या.